पोच मिळेपर्यंत

शेंडी,
२८ जुलै २०२५

चि. मनवास,

अनेक आशीर्वाद. पाकिटात रक्तदाबाच्या गोळ्यांचं रिकामं खोकं आहे आणि त्यात नखाएवढं एक कार्ड. ते आधी सापडतंय का बघ, मगच पुढे वाच.

तू फोन कर म्हणतेस. फोनला रेंज यायला मला धरणाच्या भिंतीपर्यंत जावं लागतं. तिथे पावसात उभी राहून मी रडणार आणि तू "हॅलो, हॅलो" करणार. त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात रडलं तर फार तर अक्षर बिघडतं.

सुहास जाऊन येत्या भाद्रपदात वर्ष होईल. "जाऊन" लिहिलं खरं, पण कुठे गेला ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. पाऊस मोजणारे त्याचे डबे डोंगरावर होते, त्यातला एक बंद पडला म्हणून सकाळी एकटाच वर गेला. मग धुकं उतरलं आणि तो आला नाही. पोलीस, ट्रेकवाली मुलं, त्याच्याबरोबर नेहमी डबे वाहून नेणारा आपला रंगनाथ, सगळ्यांनी वाटेच्या दोन्ही बाजू पालथ्या घातल्या. बूटसुद्धा मिळाला नाही.

तुझे बाबा म्हणतात, पितृपक्षात पालाशविधी करून टाकू. देह मिळाला नाही की पळसाच्या पानांचा माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात. दादाचं काही चुकत नाही, बहिणीच्या काळजीनेच बोलतो तो. पण मनवा, पानांच्या माणसाला मी माझा सुहास, माझा लेक कसं म्हणू? आणि तो कुठे जिवंत असला तर?

त्या दिवशी दुपारी त्याच्या हातातल्या डब्यावरून, निरोप पाठवायचा तो छोटा रेडिओ, घरच्या यंत्रावर काहीतरी आलं होतं. पडद्यावर फक्त "उकलले नाही" एवढंच उमटलं. जे उकलत नाही ते फेकायचं नाही, कार्डावर साठवायचं, अशी सोय त्यानेच करून ठेवली होती. ते हे कार्ड. पुढे आठवडाभर धुकं हटलं नाही, यंत्रही पुन्हा बोललं नाही. मग मी त्याची पिन काढली आणि त्यावर उशीची जुनी खोळ घातली. तेव्हापासून त्या खोलीत मी बसलेली नाही.

दादा सांगत होता, तू कॉलेजच्या प्रयोगशाळेत हेच करतेस, वाटेत बिघडलेले निरोप दुरुस्त करतेस. तर हा कर. त्यात काय निघेल त्यावर मी विधीचं ठरवीन.

पोच दे.

तुझी इंदूआत्या


संगमनेर,
३ ऑगस्ट

ती. आत्यास,

सा. न. कार्ड मिळालं. पहिल्याच ओळीत पोच दिली आहे बघ. लहानपणी खाल्लेला ओरडा अजून लक्षात आहे.

तुला काम समजलं पाहिजे, नाही तर तू मला शाळेतल्यासारखी उभी करशील. रेडिओवरून निरोप पाठवताना त्यासोबत ताळेही पाठवतात. तू आम्हाला गुणाकाराचा ताळा करायला लावायचीस ना, तसेच. निरोपातल्या ठरावीक खुणा एकत्र केल्या की ताळा जमला पाहिजे. वाटेत काही खुणा पुसल्या गेल्या तर ताळ्यांवरून त्या परत ओळखता येतात.

माझ्याकडची चिप कोरी येते. तिच्या आतली जोडणी आपणच ठरवायची, नको झाली की पुसून दुसरी करायची. मी तिच्यात हजारो छोटी घरं मांडली आहेत. कुणाकडे एक खूण, कुणाकडे एक ताळा. ही घरं रांगेत उभी राहत नाहीत, सगळी एकाच वेळी आपापल्या शेजाऱ्यांशी बोलतात. "मला वाटतं माझी खूण अशी आहे, तुला काय दिसतंय?" असं बोलत बोलत सगळ्यांचं एकमत होतं आणि ताळे जमतात. नियम एकच आहे. ज्याने जे सांगितलं ते त्यालाच परत सांगायचं नाही. नाही तर आपलंच बोलणं फिरून आपल्या कानावर येतं आणि आपल्याला वाटतं, दुसऱ्यानेही तेच पाहिलं.

तुझं कार्ड चढवलं. अजून तरी एकमत होत नाही, आवाज फार क्षीण आहे. तू दोन गोष्टी कर. सुहासचे निरोप कसे असायचे, त्याचे नेहमीचे शब्द कोणते, ते मला लिही. थोडा अंदाज आधी दिला तर घरांना सोपं जातं. आणि ते यंत्र पुन्हा चालू करून त्यात एक कोरं कार्ड ठेव. डोंगरावरचे पाऊस मोजायचे सगळे डबे सुहासच्या संस्थेने गेल्या दिवाळीनंतर उतरवून नेले असं बाबा म्हणाले. म्हणजे आता वरून कोणीच बोलत नाही आणि आपल्याला तिथला नुसता रिकामा आवाज मिळेल. तो कसा आहे हे कळलं की ह्या कार्डाशी ताडून बघता येईल.

तुझी मनवा


शेंडी,
९ ऑगस्ट

चि. मनवास,

पत्र मिळालं. तुझी चिप म्हणजे आमची पाटीच की, लिहा आणि पुसा. मी तिला पाटीच म्हणणार.

सुहासचे शब्द विचारलेस. फार नव्हते गं. मला तो "इंदूबाई" म्हणायचा, शाळेतली बाई म्हणून चिडवायला. "इंदूबाई, पोचलो." "इंदूबाई, निघालो. चहा टाक." कधी "काळजी नको." संपलं. "आई" असं त्याने निरोपात एकदाही लिहिलं नाही. आई फक्त ताप चढला की.

निरोप पडद्यावर आला की मी वाचायचा आणि यंत्राचं पांढरं बटण दाबायचं. ते दाबलं की वर त्याच्या डब्यात काहीतरी वाजायचं म्हणे, आणि त्याला कळायचं की मिळालं. तोवर डबा तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत राहणार. हे सगळं माझ्यामुळे. तो नाशिकला वसतिगृहात होता तेव्हा त्याची पोच आली नाही तर मी तेच पत्र अक्षरन् अक्षर पुन्हा लिहून पाठवायची. म्हणायचा, "इंदूबाई, तुझ्यासारखाच हट्टी डबा केलाय."

त्या दिवशी मी बटण दाबलं नाही. "उकलले नाही" याची पोच कशी द्यायची? वाचल्याशिवाय मी जन्मात कुणाला पोच दिलेली नाही.

आता दुसरं. खोळ काढली, पिन लावली, कोरं कार्ड घातलं. सकाळभर यंत्र गप्प होतं. दुपारी पाऊस जरा उघडला आणि हिरवा दिवा लुकलुकायला लागला. निरोप आला की लुकलुकतो तो दिवा. पडद्यावर पुन्हा तेच, उकलले नाही. थोड्या वेळाने परत. मग परत.

लंकाबाई खोली झाडत होती. ती केरसुणी तिथेच टाकून बाहेर आली. "बाई, डोंगरावं आता कुनीच न्हाई ना? मंग ह्ये कोन बोलतंय?"

मी म्हटलं, रिकामा आवाज आहे.

"रिकाम्याला दिवा लागतो व्हय?" म्हणाली. याचं उत्तर तुला येत असेल तर लिही. कार्ड सोबत आहे.

पोच दे.

इंदूआत्या


संगमनेर,
१७ ऑगस्ट

ती. आत्यास,

सा. न. पत्र आणि कार्ड मिळालं. आणि आत्या, उकललं!

तुझे शब्द अंदाज म्हणून पाटीत घातले, जोडणी थोडी आटोपशीर केली आणि पहिलं कार्ड पुन्हा चढवलं. सगळे ताळे जमले. पुन्हा चालवून पाहिलं, अक्षराचाही फरक नाही. निरोप असा आहे:

इंदूबाई, निघालो. चहा टाक.

प्रयोगशाळेत मी एकटीच होते. मोठ्याने वाचलं, आणि वाचताना तो माझ्या मागे उभा राहून हसतोय असं वाटलं. म्हणजे वरचं काम उरकून तो परत निघाला होता, एवढं तरी नक्की झालं. बाबांना अजून सांगितलेलं नाही, आधी तुलाच लिहिते आहे.

हिरव्या दिव्याचं मनावर घेऊ नकोस. धरणावर पर्यटक येतात, त्यांच्या वॉकीटॉकीने लागत असेल.

तुझी मनवा


शेंडी,
२३ ऑगस्ट

चि. मनवास,

पत्र मिळालं. देवापाशी ठेवलं आणि मग परत उचलून वाचलं. असं करत दिवस गेला.

निघाला होता. निघालेला माणूस वाटेत असतो, हो ना? दादाला कळवून टाकलं, पळसाची पानं आणू नकोस. इंदू बहकली असं त्याने तुला सांगितलं असेलच. सांगू दे.

आता मी रोज दुपारी दोन कप चहा टाकते. तू हसशील. पण ऐक. पाऊस उघडा असला की साधारण त्याच सुमाराला दिवा लागतो, आणि दुसऱ्या कपातला चहा पुरता निवला की बंद होतो. मी खुर्ची घेऊन समोर बसते. गावातल्या गोष्टी सांगते, गवारीला कीड पडली ते सांगते. बोलता बोलता थांबले की तो लुकलुकतो. योगायोग म्हण. मीही आधी तसंच म्हटलं.

लंकाबाई उंबऱ्याच्या आत येत नाही. कप उंबऱ्यावर ठेवते आणि तिथूनच विचारते, "त्यो येतो म्हन्तोय, पर येत का न्हाई?" रंगनाथला निरोप वाचून दाखवला तर त्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

भीती वाटते का विचारशील, तर वाटते. काल दिवा लागला आणि अंगणात कुणी चाललं असं वाटून मी दाराकडे गेले. कोणी नव्हतं. कडी लावावी असं क्षणभर मनात आलं. मग स्वतःचीच लाज वाटली. आपला मुलगा येतो म्हणतोय आणि कडी कसली लावायची? दार उघडं ठेवलं.

पर्यटक शनिवार-रविवारी येतात. दिवा मंगळवारीही लागतो. सोबत आणखी कार्डं पाठवते आहे. आता तो कुठपर्यंत आला ते सांग.

इंदूआत्या


संगमनेर,
६ सप्टेंबर

ती. आत्यास,

सा. न. कार्डं मिळाली. उत्तराला उशीर झाला, कारण लिहायचा धीर होत नव्हता. हे बसून वाच, आणि लंकाबाईला जवळ बसव.

तुझं नवं कार्ड पाटीवर चढवलं. पाटी म्हणाली, इंदूबाई, निघालो. चहा टाक. दुसरं चढवलं, तेच. वर्षभरापूर्वीचा निरोप आजच्या कार्डात कसा? मग पाटीला जोडलेली अँटेना काढली, सगळं स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावलं आणि पाटीला नुसती शांतता दिली. तरी ती म्हणाली, इंदूबाई, निघालो. चहा टाक. डोक्यावरच्या पंख्याची घरघर दिली. पंखाही तेच म्हणाला. भर दुपारी त्या खोलीत मला बसवेना, व्हरांड्यात येऊन उभी राहिले. आतला पडदा खिडकीतून दिसत होता आणि त्यावर तीच अक्षरं होती.

भूत असतं तर सोपं होतं. चूक माझी निघाली.

चिपमध्ये जागा पुरत नव्हती, म्हणून "आटोपशीर" करताना मी प्रत्येक घरातली एक वजाबाकी गाळली होती. शेजाऱ्याला उत्तर देताना त्याने स्वतः सांगितलेलं वगळायचं, ती वजाबाकी. तुला मोठ्या तोंडाने सांगितलेला नियम मीच मोडला. एकमत जरा लवकर होईल, बाकी काही बिघडणार नाही असं वाटलं. त्यात तुझ्या पत्रातले शब्द आधीच अंदाज म्हणून आत ठेवलेले. प्रत्येक घराने तो अंदाज शेजाऱ्याला सांगितला, शेजाऱ्याने तोच परत केला आणि दोघांचीही खात्री पटली. ताळेही जमले, कारण शब्द नीटच होते. फक्त ते सुहासचे नव्हते, तुझे होते. तू मला लिहिलंस ते मी तुलाच परत पाठवलं, आणि त्यावर तू दोन कप चहा टाकलास. ते पत्र वाचून मी खूप रडले, आत्या. मला माफ कर.

आता पुढचं. जोडणी पुसली, वजाबाकी परत घातली, तुझा एकही शब्द आत ठेवला नाही. आता पाटी खरं बोलते, आणि ती म्हणते की निरोप उकलत नाही. पण प्रत्येक निरोपाच्या आधी तो पाठवणाऱ्या डब्याचा क्रमांक असतो आणि त्याला ताळे जास्त लावलेले असतात. तो उकलला. सगळ्या नव्या कार्डांवर एकच क्रमांक आहे. पर्यटक नाहीत. तो सुहासच्या हातातला डबा आहे.

तो अजून बोलतो आहे. कसा, ते मला माहीत नाही, आणि मी अंदाज करणार नाही. तो एकच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत असेल तर सगळे निरोप एकावर एक ठेवून वाचता येतील. यंत्र बंद करू नकोस. जेवढं साठेल तेवढं पाठव.

तुझी मनवा


शेंडी,
२४ सप्टेंबर

चि. मनवास,

पत्र मिळालं. फार राग आला तुझा. मग चहाचा आला. दोन दिवस एकही कप केला नाही.

पितृपक्ष संपला, दादा काही बोलला नाही. मी यंत्रासमोर बसून राहिले, पण आता गप्पा मारायला नाही, बघायला. इतकी वर्षं भूगोल शिकवला, तो काही वाया जात नाही. दिवा सकाळी कधीच लागत नाही. ढग असले की लागत नाही. स्वच्छ ऊन असलं तरी दुपार कलल्यावरच लागतो. जिवंत माणूस बोलायला असा उन्हासाठी थांबेल का? आणि मेलेल्याला ऊन कशाला हवं? ऊन लागतं ते डब्याला. त्याच्या पाठीवर सौर पट्टी होती, सुहास ती माझ्या पदराने पुसायचा आणि मी ओरडायची.

म्हणजे डबा अशा जागी आहे जिथे फक्त कललेलं ऊन पोचतं. तोंड पश्चिमेला आणि बाकी सगळीकडून झाकलेली जागा. डोंगराची वाट पूर्वेकडून जाते आणि शोधही तिथेच झाला. मागे, कोकणाच्या बाजूला घळी आहेत. धुक्यात वाट चुकून कोणी तिकडे उतरलं असेल हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही. मध्ये आख्खा डोंगर, म्हणून आवाज क्षीण.

हे लिहिताना माझा हात थांबला नाही. तो नाही हे मी आत्ता स्वतःच लिहिलं, आणि मला ते लिहून झाल्यावर कळलं.

रंगनाथला सांगितलं. म्हटलं, मोठा दोर ने, गावातली आणखी माणसं घे. मीही निघाले होते. त्याने माझ्या हातातली काठी काढून कोपऱ्यात ठेवली. "बाई, तुमी येऊ नका. निसरडं हाय लई. म्या जातो न् बगून येतो." मी हट्ट केला नाही. उद्या उघडीप असली तर जातील.

कार्डं सोबत आहेत. तो काय म्हणतोय ते मात्र मला कळलं पाहिजे.

इंदूआत्या


संगमनेर,
५ ऑक्टोबर

ती. आत्यास,

सा. न. कार्डं मिळाली. बाबा तिकडून परत आले आणि त्यांनी सगळं सांगितलं. तू म्हणालीस तशाच घळीत रंगनाथला सुहास सापडला ते, आणि पानांचा माणूस करावा लागला नाही ते. मी निघाले होते, पण "मनवाला म्हणावं, आधी हातातलं काम पुरं कर," असा तू बाबांजवळ निरोप दिलास. म्हणून राहिले.

ते पुरं झालं. सगळ्या कार्डांवरचे निरोप एकावर एक ठेवले आणि पाटीवर चढवले. घरांचं एकमत झालं, ताळे जमले. त्याचा शेवटचा निरोप असा होता:

इंदूबाई, काळजी नको. पोचलो.

एवढंच. शांतपणे गेला असेल गं तो. आता ते यंत्र बंद कर आणि जरा पड. दिवाळीनंतर मी येतेच आहे.

तुझी मनवा


शेंडी,
१३ ऑक्टोबर

चि. मनवास,

तुझ्या पत्राची पोच ही. त्यातल्या निरोपाची पोच मी देत नाही.

सुहासजवळचा डबा पंचनामा झाल्यावर पोलिसांनी मला दिला. एक कोपरा चेपला आहे, पट्टीवर शेवाळ होतं. मी ते पदरानेच पुसलं. दोन दिवस कपाटात ठेवला. मग मला राहवेना, खिडकीत आणून ठेवला. दुपारी ऊन आलं आणि हिरवा दिवा लागला. लंकाबाई ओरडून अंगणात पळाली.

या वेळी पडद्यावर "उकलले नाही" आलं नाही. डबा हाताच्या अंतरावर होता, मध्ये डोंगर नव्हता. निरोप स्वच्छ आला आणि मी तो वाचला. तू लिहिलास तो नव्हता तो. तुझ्या निरोपातला प्रत्येक शब्द माझ्या नऊ ऑगस्टच्या पत्रातला आहे. मागच्या वेळी पाटीने माझं बोलणं मला ऐकवलं, या वेळी तू ऐकवलंस. का, ते मला कळतं. पण असं करू नकोस.

आता माझी अडचण ऐक. श्रावणभर मी नसलेलं ऐकत होते, मनवा. दिव्याशी बोलत होते. गार झालेल्या चहाला सोबत समजत होते. मी पडद्यावर जे वाचलं ते तिथे होतं की माझ्या डोक्यात, याची मला खात्री वाटत नाही. लंकाबाईला वाचता येत नाही. रंगनाथला येतं, पण त्याला मी ते दाखवणार नाही, आणि का ते विचारू नकोस.

म्हणून मी काय वाचलं ते तुला लिहीत नाही. तुझाच नियम आहे. पाटीने तुला जे खरं सांगितलं तेवढं तू लिही. दोघींचं जुळलं तर ताळा बरोबर, मग मी पांढरं बटण दाबीन. तोवर दाबणार नाही. आणि डबा रोज दुपारी बोलतो आहे. मी स्वयंपाकघरात असले तरी मला त्या खोलीतला हिरवा उजेड भिंतीवर दिसतो. मला ते आता सोसवत नाही गं. लवकर लिही.

इंदूआत्या


संगमनेर,
१७ ऑक्टोबर

ती. आत्यास,

सा. न. पत्र मिळालं. पाटीने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते आहे:

आई. रंगनाथला पाठव. मोठा दोर. तू येऊ नकोस.

पहिलाच शब्द आला तेव्हा मला कळलं, हा मी घातलेला नाही. तू मला तो दिलाच नव्हतास. उलट लिहिलं होतंस की तो असं कधी लिहीत नाही.

तो त्या दुपारी मदत मागत होता, आणि तो निरोप आपल्या घरापर्यंत येऊनही कुणाला वाचता आला नाही. हे तुला कसं लिहायचं? रंगनाथला कोण सांगणार? मी दोन दिवस कागद समोर घेऊन बसले आणि मग तुझेच शब्द उचलले. तू ते ओळखशील हे मला कळायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र मी तुझ्या समाधानासाठी लिहीत नाही, ती खरी आहे. त्या दिवशी न वाचताच तू बटण दाबलं असतंस तर डबा पोच मिळाली म्हणून तिथेच गप्प झाला असता. मग कुठल्याही उन्हात तो बोलला नसता आणि सुहास कधीच सापडला नसता. तू पोच दिली नाहीस म्हणून तो तुला बोलावत राहिला.

तुझी मनवा


शेंडी,
२४ ऑक्टोबर

चि. मनवास,

पत्र मिळालं. ताळा जमला, अक्षरन् अक्षर.

पडद्यावर पहिल्यांदा वाचलं तेव्हा "आई" या शब्दापुढे मला बराच वेळ काही दिसलंच नव्हतं. तुझ्या पत्रात पुन्हा वाचलं, आणि या वेळी शेवटपर्यंत वाचलं. मग माझ्या लक्षात आलं की त्याने सांगितलं तसंच आपण केलं होतं. रंगनाथ गेला, दोर मोठा नेला, मी गेले नाही. कोणीही वाचलेलं नसताना केलं, आणि वर्षभर उशिरा केलं. याचं बरं वाटून घ्यायचं की जीव तोडून रडायचं ते मला ठरवता आलं नाही, म्हणून दोन्ही झालं. रंगनाथला सांगायचं की नाही तेही अजून ठरलेलं नाही. त्याने या दिवाळीला आकाशकंदील लावला नाही, माझ्या दारातही नाही आणि स्वतःच्याही नाही.

पाडव्याला दुपारी डबा खिडकीत ठेवला. दिवा लागला, निरोप आला. मी तो मोठ्याने वाचला, लंकाबाई उंबऱ्यावर उभी राहून ऐकत होती. मग पांढरं बटण दाबलं.

खिडकीत डब्यात बारीकसं वाजलं, काचेच्या बांगड्या एकमेकींवर लागतात तेवढंच. इतकी वर्षं मी खाली बटण दाबायची आणि ते वर डोंगरात त्याच्या हातात वाजायचं. मी ते कधी ऐकलं नव्हतं. लंकाबाई म्हणाली, "वाजलं बाई. पोचलं त्याला." आणि ती इतक्या दिवसांनी खोलीत आली, केरसुणी उचलली आणि झाडायला लागली.

तू येशील तेव्हा पाटीत सुहासचा निरोप असेल तो पुसून ये. माझ्याकडे आहे तेवढा पुरे.

कालही चांगलं ऊन होतं आणि आजही आहे. डबा काही बोलला नाही.

इंदूआत्या